सात माणसं, एक गाडी आणि मागचा कॅम्पर

ऑस्ट्रेलियात कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घडीच्या निवाऱ्याच्या, जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो तो किती जण झोपतील याचा. सहा, सात, कधी आठसुद्धा. तीन-चार मुलं असलेल्या आईबापांची नजर तिथेच अडकते. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांत हिशोब आणखी एक पायरी वर जातो, कारण पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबाही माणसांत धरावे लागतात. त्यांना घरी ठेवून जाता येत नाही आणि तंबूत जमिनीवर झोपवताही येत नाही. पण झोपण्याचा आकडा या खरेदीत सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं मत आहे. आधी बघायचं ते गाडीत किती जण कायदेशीर बसतात आणि ते बसल्यावर गाडीची वजन सोसायची ताकद किती उरते. इथे गणित चुकलं की पुढच्या सगळ्या सोयी कागदावरच राहतात.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला इथं बंदी आहे, म्हणजे सात जणांना सात सीटबेल्ट हवेतच. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतो, आणि मागे रांग असताना चार वर्षांखालच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. त्यात कित्येक सात आसनी गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायला जागाच नसते. त्यामुळे मोठी मुलं मागे, धाकटी मधे आणि आजी त्यांच्याबरोबर अशी मांडणी आपोआप ठरते. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा उरते. लहान कुटुंब तंबू, फ्रिज आणि खुर्च्या डिकीत टाकून निघतं. मोठ्या कुटुंबाची डिकी म्हणजे तो ट्रेलरच. म्हणून त्यात गाद्या किती बसतात यापेक्षा सामान किती किलो चढतं हे जास्त मोलाचं.

आता किलोंकडे येऊ. ऑस्ट्रेलियात प्रत्येक ट्रेलरवर एक पाटी ठोकलेली असते. तिच्यावर एटीएम लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. रिकाम्या ट्रेलरचं वजन म्हणजे टेअर. दोन्हींतला फरक ही तुमची सामानाची मुभा, ज्याला सगळे पेलोड म्हणतात. टेअर १६०० आणि एटीएम २००० असेल तर हाती उरले ४०० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. पण दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या पस्तीसच्या आसपास. भरलेला फ्रिज चाळीस-पन्नास. सात घडीच्या खुर्च्या, सात जणांची अंथरुणं-पांघरुणं, आठवड्याचं धान्य, कुकर, तवा, पोळपाट. शिवाय टेअर मोजताना पाणी आणि गॅस सहसा धरलेला नसतो, आणि दुकानदाराने नंतर बसवून दिलेली ऑनिंग (बाजूला पसरणारं कापडी छत) किंवा जादा बॅटरी तर कुठल्याच आकड्यात नसते. दोन माणसांच्या कुटुंबाला ४०० किलो पुरून उरतात. सात जणांचे ते पहिल्या दिवसाआधीच संपतात.

याहून फसवा आकडा गाडीच्या बाजूला आहे. इथल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांची ओढायची क्षमता ३५०० किलो सांगितली जाते: लँडक्रूझर, निसान पॅट्रोल, फोर्ड एव्हरेस्ट, इसुझू एमयू-एक्स. त्यातली एमयू-एक्स उदाहरणाला घेऊ, कारण सात आसनी, डिझेलची, खिशाला परवडणारी म्हणून ती बऱ्याच कुटुंबांच्या दारात दिसते. २०२१ पासूनच्या चारचाकी-ड्राइव्ह मॉडेलची जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, ५९०० किलो. त्यातून ट्रेलरचे ३५०० वजा केले की गाडीला उरतात २४००. गाडी स्वतःच साधारण २१५० किलोची. म्हणजे माणसं, सामान आणि पुढचा बुलबार सगळं मिळून अडीचशे किलो. दोन मोठी माणसं, आजी आणि चार मुलं मिळून सव्वातीनशे-साडेतीनशे सहज होतात. थोडक्यात, पूर्ण ३५०० किलोचा ट्रेलर मागे असेल तर ही सात आसनी गाडी सात जणांना घेऊन कायद्याने हलूच शकत नाही. कंपनीने खोटं काही सांगितलेलं नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच वेळी वापरता येत नाहीत.

तोच हिशोब २००० किलोच्या ट्रेलरने करा. आता आड येते ती गाडीची स्वतःची मर्यादा, जीव्हीएम, म्हणजे २८०० किलो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर), म्हणजे पर्यायाने गाडीच्या पाठीवर येतो, तो २०० किलो. २८०० मधून गाडी आणि हा भार गेला की ४५० उरतात. माणसं बसली तरी शंभरेक किलो हातात. म्हणजे निघता येतं, पण छतावर रूफरॅक आणि त्यावर आणखी एक पेटी चढवायचा मोह आवरला तरच.

पैसा असेल तर मोठ्या गाडीने ही ओढाताण कमी होते. निसान पॅट्रोलच्या काही आवृत्त्या आठ आसनी आहेत आणि तिची जीसीएम ७००० किलो आहे. पण तिचं ५.६ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन ट्रेलर ओढताना शंभर किलोमीटरला २० लिटरच्या वर पितं, आणि आत खोल दोन पंपांमधलं अंतर कित्येकदा दोन-अडीचशे किलोमीटर असतं. लँडक्रूझर ३०० ची जीसीएम ६७५० किलो, पण तिची किंमत ऐकून कॅम्परचा विचारच मागे पडतो. दुसऱ्या टोकाला किआ कार्निव्हल. आठ आसनांची, ऐसपैस, मुलांच्या सीट बसवायला सगळ्यात सोपी. ती २००० किलो ओढते, पण पुढच्या चाकांवर चालते. टो-बॉलवर वजन आलं की मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. ओल्या गवताच्या चढावर, रेतीत किंवा नदीकाठच्या चिखलात तिची चाकं फिरत राहतात. कार्निव्हलवाल्यांनी ऑफ-रोड कॅम्परवर पैसे घालू नयेत. चांगला हलका ट्रेलर आणि गुळगुळीत रस्ता यांत त्यांची सुट्टी जास्त मजेत जाईल.

ऑफ-रोड या शब्दाबद्दलही थोडं. जाहिरातीत तो सैल वापरतात, वॉरंटीच्या कागदात मात्र काटेकोर. काही उत्पादकांच्या अटी नीट वाचल्या तर बऱ्या स्थितीतल्या मातीच्या रस्त्यापलीकडे त्यांची जबाबदारी संपते. म्हणून आपण खरोखर कुठे जाणार हे आधी ठरवावं. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड साधारण ६६० किलोमीटरचा. तिथे मोठे खड्डे कमी, पण कोरुगेशन, म्हणजे रस्त्याच्या अंगावर उठलेल्या आडव्या लाटा, शेकडो किलोमीटर. ट्रेलर मोडतो तो या लाटांनी: वेल्डिंग तडकतं, शॉक अॅब्सॉर्बर तापून निकामी होतात, बोल्ट सैल होतात, कपाटांची दारं आपोआप उघडतात. ऊदनडाटा आणि बर्ड्सव्हिल ट्रॅक कोरडे असताना सोपे, पाऊस पडला की बंद. सिम्पसन वाळवंटाच्या हजारभर टेकड्या ओलांडायला ट्रेलर नेऊच नये असा सल्ला सगळेच देतात, आणि सात जणांच्या कुटुंबाने तर तो बिनतक्रार ऐकावा. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागातले बरेच ट्रॅक हिवाळ्यात बंदच असतात, आणि उघडे असताना काहींवर ट्रेलर वळवायलाही जागा नसते.

मुलांच्या शाळा, नोकऱ्या आणि आजीचे गुडघे लक्षात घेता बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला येतो तो शंभर-दीडशे किलोमीटर कच्चा रस्ता, एखादा उथळ ओढा आणि समुद्रकाठची रेती. त्यासाठी भक्कम चेसिस, स्वतंत्र सस्पेन्शन किंवा चांगले पाटे, गाडीसारखीच चाकं आणि सगळ्या दिशांना फिरणारं हिच, म्हणजे गाडी-ट्रेलरची जोडणी, एवढं पुरे. चाकांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. ट्रेलरची आणि गाडीची स्टड-मांडणी एकच असेल तर स्पेअर अदलाबदल करता येतात. लँडक्रूझर २०० ला पाच बोल्ट आहेत आणि ३०० ला सहा, त्यामुळे गाडी बदलली की जुन्या ट्रेलरची चाकं परकी होतात. साधं ५० मिलिमीटरचं बॉल हिच खडबडीत जागी एका मर्यादेपलीकडे वळत नाही. म्हणून डीओ-३५ किंवा तशाच जातीचं हिच लावतात.

आता प्रकार. सगळ्यात जुना आणि साधा सॉफ्ट फ्लोअर: ट्रेलरच्या डोक्यावर पलंग, आणि त्याला जोडलेला मोठा तंबू थेट जमिनीवर पसरतो. हलका, स्वस्त आणि सात जणांना खरोखर जागा देणारा प्रकार हाच. उभारायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि दोन माणसं लागतात. वाऱ्यात तो उभारताना नवरा-बायकोचं बोलणं ऐकलं की शेजारचे हळूच आपल्या तंबूत जातात. रेती आत येते आणि पावसात खालचं प्लास्टिक ओलं होतं. पण गॅरेजमध्ये मावतो आणि मध्यम गाडीसुद्धा ओढते.

त्याच्या पुढची पायरी हार्ड फ्लोअर. झाकण मागे उलटून स्वतःच फरशी होतं. दोन माणसांना उत्तम, चारांना ठीक, सातांना अपुरा.

गेल्या काही वर्षांत कुटुंबांनी सगळ्यात जास्त उचलला तो फॉरवर्ड फोल्ड. झाकण पुढे, ड्रॉबारवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) उघडतं आणि त्यावर आईबापांचा दुहेरी पलंग होतो. मागच्या बाजूला गोल बैठक, तिचं टेबल खाली घेतलं की मुलांचा पलंग. ऑनिंगची भानगड नसेल तर पंधरा मिनिटांत निजायची सोय होते. बाजूने सरकणारं स्टीलचं स्वयंपाकघर बाहेरच राहतं, आणि आपल्याकडच्या स्वयंपाकाला ते फार सोयीचं. फोडणी कॅनव्हासच्या आत दिली तर हिंग-मोहरीचा वास पुढच्या डिसेंबरपर्यंत गाद्यांना राहतो. बाहेर वारा असतो हे खरं, त्यामुळे शेगडीभोवती आडोसा असलेलं स्वयंपाकघरच घ्यावं, आणि कुकरच्या उंचीला आणि पोळ्यांच्या तव्याला बर्नरवर जागा आहे का हे दुकानातच भांडं ठेवून बघावं. विक्रेता हसेल, हसू दे.

पण फॉरवर्ड फोल्डमध्ये एक अडचण आहे, जिची चर्चा इंग्रजी समीक्षांमध्ये क्वचितच होते, कारण त्यांच्या नजरेसमोरच्या कुटुंबात सत्तरीची बाई नसते. मोठ्या पलंगावर चढायला दोन-तीन पायऱ्या, मग गुडघ्यांवर रांगत आत. रात्री दोनदा उठणाऱ्या आजीला ते जमत नाही. मुलांचा बैठकीचा पलंग खाली असतो, तो तिला द्यावा तर चार मुलं कुठे जायची? तिथे झोपण्याच्या आकड्याचं पितळ उघडं पडतं. सात जणांच्या सोयीमध्ये बहुतेकदा बैठकीवर आडवी पाडलेली तीन मुलं धरलेली असतात, आणि ती मुलं आठ वर्षांची असतात. चौदा वर्षांच्या मुलाचे पाय तिथे मावत नाहीत.

जेको कंपनीचे हँडल फिरवून छप्पर वर चढवायचे कॅम्पर, उदाहरणार्थ स्वान, या बाबतीत बरे. दोन्ही टोकांना बाहेर ओढले जाणारे पलंग, मधे उभं राहता येईल एवढी उंची, छप्पर कडक. सहा जणांना ती जागा चालते आणि आउटबॅक आवृत्ती मातीच्या रस्त्यावर नीट जाते. थंडीत कॅनव्हासच्या बाजूंनी गारवा येतो, आणि आतलं स्वयंपाकघर सुंदर दिसलं तरी कॅनव्हासजवळ तळण करायला मला भीती वाटते.

सगळ्यात वरचा प्रकार हायब्रिड: कडक भिंतींचा छोटा कॅराव्हान आणि कॅम्पर यांचा संकर, आता दोन किंवा तीन मजली बंक लावलेला. बघताक्षणी मुलं बंकवर चढून बसतात आणि तिथेच सौदा ठरतो. त्याचं वजन मात्र बऱ्याचदा रिकामं असतानाच दोन टनांच्या पुढे जातं, आणि बंकवालं मॉडेल भरलं की तीन टनांकडे सरकतं. वरचा एमयू-एक्सचा हिशोब इथेच आठवावा. शिवाय काही मॉडेलमध्ये बंक आणि त्यांखालचं सामान धुरीच्या मागे येतं. मागे वजन जास्त झालं की महामार्गावर ट्रेलर झुलायला लागतो, आणि ट्रकने ओव्हरटेक करताना तो झुलला की गाडीत सात माणसं आहेत याची आठवण फार तीव्रपणे होते. लँडक्रूझर किंवा पॅट्रोल दारात असलेल्या, दोन-तीन महिने सलग फिरणाऱ्या कुटुंबाला हायब्रिड शोभतो. वर्षातून चार लाँग वीकेंडना जाणाऱ्यांनी तेवढी किंमत आणि तेवढं वजन कशाला ओढावं?

माझा कौल असा: सहा-सात जणांच्या कुटुंबाने एटीएम २००० च्या आत राहणारा सॉफ्ट फ्लोअर, फॉरवर्ड फोल्ड किंवा छप्पर वर चढणारा कॅम्पर घ्यावा, आणि मोठ्या मुलांसाठी वेगळा साधा तंबू. बाराच्या पुढच्या मुलांना आईबापांपासून दहा फुटांवरचा आपला तंबू बंकपेक्षा केव्हाही जास्त आवडतो. लहानगे कॅम्परमध्ये, आजी खालच्या पलंगावर किंवा तंबूत उंच घडीच्या खाटेवर. या तंबूचा आणखी एक उपयोग आहे. गिब रिव्हर रोडवरून उत्तरेला मिचेल पठाराकडे जाताना पुष्कळ लोक ड्राइसडेल रिव्हर स्टेशनवर ट्रेलर ठेवतात आणि नुसती गाडी पुढे नेतात, कारण तिथून पुढचे रस्ते ट्रेलर फोडायलाच बांधल्यासारखे आहेत. तंबू असेल तरच हे जमतं.

मुक्कामाच्या जागेचा हिशोबही माणसांवर चालतो. कॅराव्हान पार्क सहसा दोन माणसांचा दर सांगतात आणि पुढच्या प्रत्येकामागे वाढवतात. बऱ्याच ठिकाणी एका जागेवर सहा जणांची मर्यादा असते. सात झाले की दोन जागा घ्या, म्हणजे जानेवारीत दुप्पट पैसे. जागा राखून ठेवताना हे आधीच विचारलं तर कधीकधी सातव्या लहानग्याला वेगळे पैसे न घेता घेतात. टास्मानियाला जायचं तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून जिलाँगहून सुटणारी स्पिरिट ऑफ टास्मानिया ही बोट गाडी-ट्रेलरच्या लांबीवर पैसे घेते. तिथे साडेपाच मीटरचा कॅम्पर आणि सात मीटरचा हायब्रिड यांतला फरक खिशाला जाणवतो.

ब्रेकचे नियम पाठ असावेत. चाकांवरचं वजन, म्हणजे जीटीएम, ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, २००० पर्यंत एका धुरीला लागतात, आणि २००० च्या पुढे सगळ्या चाकांना, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणा. २००० च्या आत राहण्याचं आणखी एक कारण हेच. आणि १ जुलै २०२१ पासून इथे रस्त्यावर येणाऱ्या नव्या ट्रेलरची सरकारी नोंदवहीत नोंद बंधनकारक झाली. त्याआधीच्या ट्रेलरवरची पाटी उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेली असे. जुना घेताना म्हणून पाटीवर विसंबू नये, चेसिसखाली झोपून बघावं: ड्रॉबारचे सांधे, सस्पेन्शनच्या कंसाभोवतीचं वेल्डिंग, कुठे नव्याने रंग मारलाय का.

कॅनव्हासचं तंत्र वेगळं. नवा कॅनव्हास वापरण्याआधी अंगणात उभारून दोन-तीनदा भिजवून वाळवतात. सुती धागा फुगतो आणि शिवणीची छिद्रं बुजतात. भिजलेला गुंडाळून आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवला तर काळे डाग पडतात, आणि ते मग जात नाहीत. जुना कॅम्पर बघायला जाल तेव्हा कोपरे उलगडून नाकाने तपासा. मालकाने कॅम्पर उघडून ठेवला असेल तर तो बंद करायला लावा आणि पुन्हा उघडायला लावा, वेळ घड्याळात बघा. धुळीचं तसंच: कच्च्या रस्त्यावर मागून उडालेली बारीक धूळ प्रत्येक फटीतून आत शिरते, कारण चालताना मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. चांगल्या कॅम्परच्या छतावर हवा आत घेणारी झडप असते, तिने आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. ती नसेल तर पहिल्या प्रवासात सातही गाद्या झटकाव्या लागतात.

विजेवर फार वेळ घालवायला नको. शंभर-दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, छतावर किंवा जमिनीवर ठेवायचे सौर पटल, आणि गाडीतून चार्ज करणारा अँडरसन प्लग एवढ्यावर मोठा फ्रिज चालतो. सात जणांच्या दुधाला आणि भाजीला चाळीस लिटरचा फ्रिज अपुरा पडतो, नव्वदचा लागतो, आणि तो ट्रेलरच्या सरकत्या ट्रेवर बसतो का हे आधी मापावं.

हे सगळं वाचूनही विकत घेण्याआधी कॅम्पर भाड्याने घ्यावा. कॅम्प्लिफायसारख्या ठिकाणी खाजगी मालकांचे कॅम्पर मिळतात, पण कित्येक करारांत कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई असते, ती ओळ शोधून वाचावी. जानेवारीच्या कोरड्या दिवसांत नेऊ नये, जून-जुलैच्या थंडीत न्यावा, तेही पाऊस सांगितलेला असताना. आजीला बरोबर घ्या, तिला रात्री एकदा चढून-उतरून बघू द्या. पाण्याच्या टाक्या भरून, सगळी माणसं आणि सामान घेऊन वाटेतल्या सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर उभे करा: एकदा जोडून, एकदा ट्रेलर सोडून. शुल्क दोन-चार पिझ्झांइतकं पडतं. पावती जपून ठेवा आणि दुकानात गेल्यावर विक्रेत्याच्या माहितीपत्रकाशेजारी ती उघडून ठेवा.